गयाबाई, खोली नंबर चार

गयाबाई दर महिन्याला स्वतःलाच पत्र पाठवायच्या. हे कोणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो, म्हणून मी सांगत नाही. तसंही बोलायला उभी राहिले की माझं अर्धं बोलणं पोटातच राहतं. लिहिताना तसं होत नाही. म्हणून माझ्यापुरतं लिहून ठेवते.

पत्र म्हणजे साधं पोस्टकार्ड. पत्त्याच्या जागी त्यांचंच नाव, खोली नंबर चार, जुन्या जिनाची लाइन, जालना. पाठवणाऱ्याही त्याच. मजकूर त्या सांगायच्या आणि लिहायची मी. मी चौथी शिकलेली, त्यांना सहीसुद्धा येत नव्हती. लाइनीत बायकांमध्ये लिहिता येणारी मी एकटीच होते.

जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. आमचे घरमालक आप्पा, त्यांच्या वडिलांनी तो काढला तेव्हा कामगारांसाठी सात खोल्या एका ओळीत बांधल्या होत्या. दगडी भिंती, वर टिनं, समोर बसायला एकसलग वटा. गयाबाईंचे घरधनी बॉयलरवर होते. जिन बंद पडलं, घरधनी वारले, एक मुलगी होती मंगल, ती बदनापूरला दिली. मागे खोली नंबर चार आणि गयाबाई राहिल्या. भाडं दर महिन्याला बिनचूक देत होत्या, आप्पांनी घेणं बंद केल्यावर मनिऑर्डरने पाठवत होत्या. गोधड्या शिवून पोट भरायच्या. खोलीत कायम एक अर्धी गोधडी अंथरलेली असायची आणि तिच्या कडेला त्या पाय लांब करून बसलेल्या.

मी कुंभार पिंपळगावकडची. जालना जिल्हा झाला त्याच वर्षी माझं लग्न होऊन मी खोली नंबर तीनमध्ये आले. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "शेजारीण चांगली हाय. पण पाणी आपल्या माठातलं पेत जा." मला कळलं. गयाबाईंचं घर बौद्ध होतं. पहिले सहा-आठ महिने मी त्यांच्याकडे पाणी प्यायले नाही. त्यांच्या ते लक्षात होतं. त्यांनी कधी तांब्या पुढे केलाच नाही, मला नाही म्हणायची पाळी येऊ नये म्हणून. एक दिवस मीच मागितलं. त्यांनी गोधडीवरची नजर न उचलता म्हटलं, "माठ तिथंच हाय. तुझ्या हातानं घे."

जिल्हा झाल्यावर जालन्यातल्या जागेला एकदम भाव आला. आप्पांना लाइन पाडून तिथे शटरची दुकानं काढायची होती. आप्पा आरडाओरडा करणारे नव्हते. पांढरं धोतर, कपाळाला गंध, बोलणं गोड. आमचे हे मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांच्याच आडतीवर वजनकाट्यावर होते आणि आमची खोलीही त्या नोकरीमागे मिळालेली. म्हणजे आप्पा हसले तरी आमच्या घरात सगळे गप्प व्हायचे.

पाचव्या खोलीत एक मास्तर राहायचे. ते मेहुण्याच्या लग्नाला पंधरा दिवस गावी गेले. परत आले तर दाराला आप्पांचं कुलूप आणि सामान वट्यावर ताडपत्रीखाली. आप्पा म्हणाले, "मास्तर, मला वाटलं तुम्ही सोडली. तुम्हाला दुसरीकडं खोली देतो, माझा शब्द हाय." मास्तरांनी शब्दावर विश्वास ठेवला. वर्षभर बायको-पोरं भावाच्या घरी ठेवून ते आप्पांच्या पेढीवर चकरा मारत होते, ते मी पाहिलं.

त्या दिवसापासून गयाबाईंनी घर मोकळं ठेवणं सोडलं. दळण आणायला जायचं तरी आधी लुगडं पिळून दोरीवर टाकायच्या. चुलीत एक गोवरी धुपत ठेवायच्या. गोधडीत सुई टोचून दोरा लोंबता सोडायच्या. म्हणायच्या, "वलं लुगडं, धूर आन् सुई. ह्या तिघी घरात असल्या की घर रिकामं न्हाई." हा कायदा त्यांनी स्वतःच केला होता. कोणत्या कचेरीत तो चालला असता मला माहीत नाही. पण त्या ज्या खात्रीने सांगायच्या, त्यावरून मलाही तो खराच वाटायचा.

दुसरीकडे खोली बघायला त्या गेल्या नाहीत असं नाही. मास्तरांचं झाल्यावर मला घेऊन तीन ठिकाणी गेल्या. घरमालकीण आधी नळ दाखवायची, मोरी दाखवायची, मग सहज विचारायची, "आडनाव काय म्हणलात?" आडनाव सांगितलं की खोली कालच कोणाला तरी दिलेली असायची. तिसऱ्या घरून निघताना गयाबाई मला म्हणाल्या, "जालन्यात कालच्या दिवशी लई खोल्या गेल्या बघ." आणि रस्त्यात थांबून हसल्या. मला हसता आलं नाही. त्यानंतर त्यांनी खोली शोधली नाही. चार नंबर गेली तर दुसरी नव्हती, हे त्यांना कळलं होतं आणि आप्पांनाही कळलं होतं.

पत्राची कल्पना कचेरीसमोर लिंबाखाली बसणाऱ्या म्हाताऱ्या अर्जनवीसाच्या बोलण्यातून निघाली. हे अर्ज लिहून देणारे लोक निजामाच्या काळापासून तिथे बसायचे. त्याने गयाबाईंना सांगितलं, "जबान म्हणजे हवा, बाई. कागज पाहिजे. अन् कागजावर सरकारचा शिक्का पाहिजे, तारखेसगट." गयाबाई तिथून चालत घरी येईपर्यंत विचार करत आल्या. सरकारचा शिक्का, तोही तारखेचा, गरिबाला कुठे मिळतो? पोस्टात. पंधरा पैशांत. टाकताना एक आणि पोचताना दुसरा.

दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की गोधडीचं माप दाखवायच्या निमित्ताने मी त्यांच्याकडे जायची. पहिलं पत्र मला पाठ आहे. "आज सोमवार. नळाला पाणी नाही. सकाळी आप्पाच्या माणसाने तोटी काढून नेली. मी घरी आहे." प्रत्येक पत्रात ते शेवटचं वाक्य हवंच असायचं. मी घरी आहे. खाली मी शाळेतल्या सवयीने लिहिलं, मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "हे कोणाला गं?"

"पत्राची रीत असते, मावशी."

"मंग असू दे. आपल्याला तरी कुठून येतेत आशीर्वाद."

आमच्या भागाचे पोस्टमन शेखभाई. दोन-तीन महिन्यांत त्यांच्या ध्यानात आलं. पोस्टकार्ड उघडंच असतं, कोणीही वाचावं. ते वट्याखाली सायकल टेकवून मोठ्याने हाक मारायचे, "गयाबाई! तुमच्या गयाबाईंचं खत आलं. तबीयत बराबर हाय म्हणत्यात."

"बराबर हाय ना? मला काळजीच होती," गयाबाई म्हणायच्या आणि पत्र डोक्याला लावून आत न्यायच्या. आटा-साखरेच्या रिकाम्या पिशवीत ती सगळी पत्रं सुतळीने बांधून, मधल्या खुंटीला टांगलेली असायची. तिच्यावर बुद्धाचा फोटो. मला वाटायचं, हा सगळा वेडेपणा आहे. पण लिहायला मला आवडायचं. लग्नानंतर माझ्या अक्षराची कोणाला गरज पडली नव्हती. लिहून झालं की त्या कार्ड हातात घेऊन लांब धरायच्या, जसं काही वाचतात, आणि म्हणायच्या, "किती सरळ चालतंय गं तुझं. मुंग्यावाणी."

पत्र माझ्या अक्षरातलं आहे हे त्यांनी कधी कोणाला कळू दिलं नाही. लेकीलाही नाही.

एका वैशाखात आप्पांचे दोन गडी शिडी घेऊन आले. म्हणाले, गळती काढायची आहे. गयाबाईंच्या खोलीवरची चार टिनं काढली आणि दुरुस्तीला म्हणून बैलगाडीत घालून नेली. ती आलीच नाहीत. जालन्याचं वैशाखातलं ऊन ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. सगळ्या लाइनीला वाटलं, आता ही बाई चार दिवसांत जाते.

गयाबाईंनी खोलीच्या मधोमध खाट उभी करून तिची सावली केली. सकाळी त्या खाटेच्या पश्चिमेला, दुपारनंतर पूर्वेला. मी डोकावले तर गोधडीच शिवून राहिल्या होत्या. म्हणाल्या, "एक बरं झालं. आता सुईत दोरा एका झटक्यात जातो. आधी अंधारात लई वेळ लागायचा."

पाचव्या-सहाव्या दिवशी आप्पा स्वतः आले. वट्यावर बसले नाहीत, पायरीखाली उभे राहिले. "गयाबाई, तुम्ही मला बहिणीसारख्या. उन्हानं जीव जाईल. नव्या वस्तीत माझी खोली हाय, तिथं चला. पंखा बसवून देतो."

"येते की," गयाबाई म्हणाल्या. "कागद करून द्या."

"माझा शब्द म्हणजे कागद."

"मंग तोच लिहून द्या, आप्पा. आधीच तयार हाय म्हणल्यावर मेहनत कसली?"

आप्पा हसले. आमच्या दाराकडे एकवार बघून गेले. मी पडद्यामागे होते, तरी आणखी मागे सरकले.

टिनं आणली ती आप्पांच्या बायकोने, म्हणजे तिच्यामुळे आली. तिच्या लेकीचं पहिलं बाळंतपण होतं. बाळासाठी मऊ गोधडी गयाबाईंसारखी गावात कोणी शिवत नव्हतं, म्हणून जुनी पातळं घेऊन बाई रिक्षातून उतरल्या. सोबत दोघी पाहुण्या होत्या. दारातून आत बघून दचकल्याच.

"अगं बाई! वरती काहीच न्हाई?"

"हाय की," गयाबाई म्हणाल्या. "आभाळ हाय. आप्पांनीच दिलं."

तिसऱ्या दिवशी टिनं बसली. गोधडी गयाबाईंनी मन लावून शिवली. मी म्हटलं, "त्यांच्यासाठी कामून एवढे बारीक टाके घालता?" तर म्हणाल्या, "लेकराचा काय दोष? ते थोडंच घरमालक हाय."

इथवर मी आनंदाने लिहिलं. पुढचं लिहायला हात चालत नाही.

गयाबाईंचं माहेर राजूरचं. मार्गशीर्षात एका सकाळी त्यांचा भाऊ आला. आई शेवटच्या घटका मोजत होती, तुझं नाव घेते म्हणाला. जालन्याहून राजूर काही फार लांब नाही, बसने तासाभराचा रस्ता. पण गयाबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. भाऊ म्हणाला, "आक्का, चल ना. उभी कामून?"

त्यांनी लुगडं भिजवलं, पिळलं, दोरीवर टाकलं. चुलीत गोवरी घातली. खुंटीवरची पत्रांची पिशवी काढून काखेत घेतली. मग माझ्याकडे आल्या. आजवर त्यांनी मला लिहिण्याशिवाय काही सांगितलं नव्हतं.

"सुमन, बसशील का गं माझ्या घरात? उद्या सांजच्याला येते."

मी हो म्हटलं. खरंच मनापासून म्हटलं.

त्यांच्या अर्ध्या गोधडीवर बसून मी चार टाके घातले, ते नीट आले नाहीत. दुपारी हे जेवायला आले, तर घरी न जाता चार नंबरच्या दाराशी आले. चप्पल पायातच. म्हणाले, "आप्पा विचारून राह्यलेत. तुझी बायको गयाबाईच्या खोलीत काय करती म्हणून. ऊठ."

"मावशीला शब्द दिलाय मी."

"अन् मी आप्पाला काय देऊ? खोली देऊ का आपली?" ते रागाने बोलले नाहीत. घाबरून बोलले. हे वाईट माणूस नव्हेत. काट्यावर उभा राहणारा माणूस, शेटजीचा डोळा कुठे आहे ते बघूनच वजन सांगतो. मी उठले. चुलीत आणखी एक गोवरी सारली, गयाबाईंचं कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गयाबाई आल्या तर दाराला दोन कुलपं होती. खाली त्यांचं छोटं, वर आप्पांचं पितळी. ते कधी लावलं ते मी ऐकलं होतं. कडी वाजली तेव्हा मी भाकरी थापत होते, आणि थापतच राहिले.

त्यांच्या डोळ्यांवरूनच कळलं की आई गेली. त्यांनी दोन्ही कुलपं हातात घेऊन पाहिली. मग मला विचारलं, "तू कवा उठलीस?"

"काल दुपारी."

"चूल धुपत होती का?"

"होती, मावशी."

"मंग तुझी चूक न्हाई," त्या म्हणाल्या आणि दाराला पाठ लावून वट्यावर बसल्या.

त्या तशा पाच महिने बसल्या. ऐकणाऱ्याला खोटं वाटेल. तीन दगडांची चूल वट्यावर मांडली. मंगल बदनापूरहून भांडी आणि पांघरूण देऊन गेली. जाताना रडून म्हणाली, "आई, चल माझ्याकडं. माझं घर न्हाई का?" गयाबाई म्हणाल्या, "तुझं कुठं? तुझ्या सासऱ्याचं हाय. चार दिस पाहुणी म्हणून ठेवतेल, पाचव्या दिशी आप्पा म्हणतेल बाई खोली सोडून गेली."

आणि आप्पा तेच म्हणत होते. कचेरीत भाड्याचे दावे चालायचे, तिथे गयाबाईंनी अर्जनवीसाकडून अर्ज दिला, तर आप्पांनी उत्तर दिलं की बाई कधीच राजूरला माहेरी राहायला गेली, खोली तिने आपखुशीने सोडली, आता दुकानं होणार म्हटल्यावर येऊन बसली आहे.

आई गेल्यानंतरच्या जलदान विधीलाही त्या गेल्या नाहीत. त्या दिवशी सकाळपासून राजूरच्या दिशेला तोंड करून बसल्या होत्या. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होत्या, बहुतेक बुद्धवंदना. मी भाकरी नेऊन ठेवली. सासूबाईंनी पाहिलं. थोड्या वेळाने त्यांनीच वर लोणच्याची फोड पाठवली.

पत्रं थांबली नाहीत. आता मी ती आमच्या मोरीत बसून लिहायची आणि पदराखालून द्यायची. पत्ता तोच, खोली नंबर चार. "मी वट्यावर आहे," असं लिहू का विचारलं तर त्यांनी डोळे वटारले. "मी घरी आहे असंच लिही. वटा काय आप्पाच्या बापाच्या पेढीचा हाय? घराचाच हाय." शेखभाई सायकल टेकवून पत्र त्यांच्या हातात द्यायचे. आता ते हाक मारून गंमत करत नव्हते.

दाव्याच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "मावशी, मी येते उद्या. सांगते अक्षर माझं हाय म्हणून." चार बायकांत तोंड न उघडणारी मी, साहेबासमोर काय बोलले असते देव जाणे.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू बोललीस तर दोन खोल्या जातेल. एकीनं बाहेर बसलेलं पुरे."

मी बरं म्हटलं. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तेही लिहून ठेवते.

कचेरीत काय झालं ते शेखभाईंनी दुसऱ्या दिवशी वट्याशी उभं राहून सांगितलं, कारण त्यांनाही साक्षीला बोलावलं होतं. साहेबाच्या टेबलावर पत्रांची पिशवी रिकामी केली. आप्पांचे वकील एक पत्र उचलून म्हणाले, "साहेब, ही बाई स्वतःलाच पत्रं लिहिते! उद्या मी मला पत्र टाकीन, की हा कचेरीचा बंगला माझा आहे." सगळे हसले. साहेबही हसले.

मग त्यांनी विचारलं, "बाई, तुम्हाला लिहिता येतं?"

"न्हाई."

"मग हे अक्षर कोणाचं?"

"अक्षर कोणाचं का असंना साहेब, बोलणं माझं हाय."

"लिहिणाऱ्याचं नाव सांगा. नाहीतर हा मजकूर मला धरता येणार नाही."

शेखभाई म्हणाले की गयाबाईंनी आधी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "मंग धरू नका."

ते सांगताना शेखभाईंनी आमच्या दाराच्या पडद्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. इतकी वर्षं पत्रं वाटणाऱ्या माणसाला अक्षर ओळखता येत नसेल का?

पुढे त्यांची साक्ष झाली. त्यांनी सांगितलं, ही पत्रं मी स्वतः याच बाईच्या हातात, याच दाराशी दिली आहेत. कधी दारात, या पाच महिन्यांत वट्यावर. पत्ता बराबर होता आणि बाई हाजिर होती. साहेबांनी मग पत्रं उलटी केली. मजकुराची बाजू खाली आणि पत्त्याची बाजू वर. एकेका शिक्क्याखाली बोट ठेवत तारखा पाहिल्या. महिन्यामागून महिना, एकही सुटलेला नव्हता. आप्पा म्हणत होते बाई राजूरला राहत होती, त्या सगळ्या महिन्यांत बाई जालन्यात पत्रं घेत होती.

अक्षय तृतीयेच्या आधी निकाल आला. कचेरीचा कारकून आणि एक शिपाई आले, दोन पंच बोलावले, आप्पांचं कुलूप काढलं. खालचं छोटं कुलूप गयाबाईंनी स्वतः उघडलं. आत अर्धी गोधडी तशीच पसरलेली, उंदरांनी कोपरा खाल्लेला. माझे वाकडे चार टाके त्यात होते. त्यांनी झाडू घेतला.

संध्याकाळी निकालाचा कागद त्यांनी माझ्याकडून वाचून घेतला. अवघड शब्द होते. अर्जदार, ताबा, पूर्ववत. मी बोट ठेवून ठेवून वाचलं.

"नळाच्या तोटीचं लिहिलंय का?"

"न्हाई."

"टिनाचं?"

"न्हाई, मावशी."

"संडासाला कुलूप घातलं व्हतं ते?"

मी मान हलवली. साहेबाने शिक्केच पाहिले होते. कोरी कार्डं टाकली असती तरी चाललं असतं. एवढं मी लिहिलेलं कोणी वाचलंच नाही, म्हणून माझे डोळे भरून आले. गयाबाईंना ते दिसलं. म्हणाल्या, "वाचलं न्हाई तेच बरं. आपलं सुखदुःख कचेरीत कशाला ठेवायचं? आणलं की परत." आणि माझ्यापुढे तांब्या ठेवला.

मला वाटलं होतं, आता त्या मोकळ्या झाल्या. लेकीकडे जातील, राजूरला आईच्या घरी जाऊन येतील. उलटंच झालं. आधी त्या ओलं लुगडं टाकून तरी बाहेर पडायच्या. आता तेही नाही. ते एक दिवसाचं जाणं त्यांच्या मनात असं बसलं की दळण मीच आणायची, दोरा मीच आणायची. मंगलच्या नणंदेचं लग्न झालं, नातू झाला, नातवाला शाळेत घातलं. सगळे इथे येऊन भेटून गेले. मंगल एकदा चिडून म्हणाली, "आई, ही खोली न्हाई, जेल हाय."

"जेलात भाडं देऊन कोण राहतं गं?" गयाबाई म्हणाल्या. पण हसल्या नाहीत.

आप्पांनीही मग दावा केला नाही. त्यांनी बाकीच्या खोल्या एकेक करून मोकळ्या करून घेतल्या. ह्यांनी वस्तीबाहेर एक प्लॉट घेतला, दोन खोल्या बांधल्या, आणि आम्हीही निघालो. मी निघाले त्या दिवशी गयाबाई म्हणाल्या, "तीन नंबर गेली म्हण." माझी चौकशी केल्यासारखं नाही, खोलीची केल्यासारखं. आमच्या मागे भिंत पडली. दोन्ही बाजूंनी शटरं आली. मधे जुन्या दगडाची एक खोली राहिली, दोन दातांमध्ये अडकल्यासारखी.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते माझ्या लेकीच्या लग्नाच्या वेळी. पत्रिका आणि अक्षता घेऊन गेले. त्या आता वाकल्या होत्या, सुई सुटली होती. मी म्हटलं, "मावशी, लग्नाला तर या. पण आत्ता चला, घर तरी बघून या माझं. इतकी वर्षं झाली. रिक्षा उभी हाय, पंधरा मिनिटांत परत सोडते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि काय वाटलं कोण जाणे, चपला शोधायला लागल्या. चपला खाटेखाली होत्या, धूळ बसलेल्या. कुलूप लावलं. माझा हात धरून निघाल्या. शटरपाशी बसलेला मोबाइलवाला पोरगा म्हणाला, "जा की आजी, बिनधास्त जा. आम्ही बघतो खोलीकडं."

ते त्याने चांगल्या मनानेच म्हटलं असेल. पण दहा पावलांवर, गल्ली जिथे रस्त्याला मिळते तिथे त्या थांबल्या. रिक्षा समोरच होती.

"बघतो म्हणतोय," त्या हळूच म्हणाल्या. हातातली किल्ली पुढे-मागे फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "तू इथंच सांग. कसं हाय तुझं घर?"

मी रस्त्याच्या कडेला उभी राहून सांगितलं. इतकं सलग मी कधी कोणापाशी बोलले नसेन. दोन खोल्या आहेत, स्वयंपाकघराची खिडकी उगवतीला आहे, नळ आत आहे, मागे पेरूचं झाड आहे. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

"कागद हाय का घराचा?"

"हाय, मावशी. ह्यांच्या नावावर."

"तुझं नाव हाय त्याच्यावर?"

"न्हाई."

त्यांनी डोळे उघडले. बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. माझ्या मनगटावर दोनदा हात फिरवला, वळल्या आणि भिंतीचा आधार घेत दोन शटरांच्या मधे निघून गेल्या.